पायमशीनवरची गाणी

वणवा रोज सकाळी रबरी चपला घालून दूध आणायला जाई आणि येताना कोपऱ्यावरच्या दांडग्या बोक्याला चुकवायला रस्ता ओलांडी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पोस्टरवरचा वणवा कुणाच्या बापाला घाबरत नसे.

वणवा हे नाव त्याला चाहत्यांनी दिलेलं. चाळीस वर्षं तो एका रॉक बँडची गाणी लिहीत आला होता. शब्द त्याचे, चाली त्याच्या आणि गिटार गळ्यात अडकवून गर्जायचं कामही त्याचंच. 'दारं उखडा' ऐकून त्या काळी कितीतरी पोरं घर सोडून निघाली होती. बहुतेक जेवायच्या वेळेपर्यंत परत आली, पण निघाली होती हे खरं. घरात मात्र बायको त्याला 'अहो' म्हणे, आणि तिनं अहो म्हटलं की वणवा गपकन विझून गॅस बारीक करायला उठे.

बायको शिवणकाम करायची. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं पायमशीन, आतल्या खोलीत भिंतीला लागून त्याचं टेबल. मधल्या दाराला पडदा. दुपारी चारला मशीनवर बसायचा तिचा नेम होता. ताप असो, पाहुणे असोत, घरात भांडण झालेलं असो, चारला ती बसणारच. कापड नसलं तर जुनी चादर उलटून शिवील, पण नेम मोडायची नाही. तोही चारलाच टेबलाशी बसे. जगाला वाटे, काय योगायोग आहे! जगाला म्हणण्यापेक्षा बायकोला वाटे, कारण जगाला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

आता खरी गोष्ट. वणव्याच्या सगळ्या गाण्यांचा ठेका त्या पायमशीनचा होता.

खटखट खटखट सरळ टीप चालली की त्याच्या डोक्यात ओळ धावू लागे. टीप थांबली की ओळही थांबे. आणि कापडाचा कोपरा आला की त्याचं सोनं व्हायचं. कोपऱ्यावर बायको सुई कापडात रुतवून ठेवी, कापड दाबून धरणारी मागची दांडी वर करी, टक्, कापड वळवी, क्षणभर थांबे, मग दांडी खाली, टक्, आणि पुन्हा खटखट. वणव्याच्या प्रत्येक गाण्यात भर रंगात असा एक थांबा येई. सगळी वाद्यं गप्प. मग मैदानातली हजारो माणसं दोन टाळ्या वाजवीत, एक थांब्याच्या आधी, एक नंतर, आणि गाणं पुन्हा उसळे. त्या थांब्यावर जाणकारांनी लेख लिहिले. एकानं त्यात बंडखोराचा रोखलेला श्वास पाहिला, दुसऱ्याला त्यात फाशीच्या दोराआधीची शांतता सापडली. उशीचा अभ्रा कुणालाच दिसला नाही.

वणव्यानं हे कुणाला सांगितलं नाही. पंचविशीत पहिल्यांदा वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, "हा ठेका आला कुठून?" तेव्हा समोर चामड्याचं जाकीट घालून बसलेल्या माणसानं काय सांगायचं, बायको झबली शिवते तिथून? तो म्हणाला, "मालगाडीतून." पुढच्या वेळी म्हणाला, "वादळातून." एकदा खोटं सांगितलं की त्याला आयुष्यभर खाऊपिऊ घालावं लागतं. त्यानंही घातलं.

यंदा बँड बंद करायचं ठरलं. शेवटच्या कार्यक्रमाचे कागद भिंतीभिंतीवर लागले आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'वणव्याचं नवं, अखेरचं गाणं.' त्याच आठवड्यात रेडिओवर मुलाखत झाली. बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला लिहायला काय लागतं हो?"

वणव्यानं उचलली जीभ, लावली टाळ्याला. "स्मशानशांतता," तो म्हणाला. "टाचणी पडली तरी माझी ओळ मरते."

घरी बायको रेडिओशी बसून ऐकत होती. हातातलं बटण तिच्या हातातच राहिलं.

तीन दिवसांनी तो तालमीहून आला तर खिडकीशी मशीन नव्हतं. त्या जागी चार बारीक खळगे आणि एक कधीचं हरवलेलं बॉबिन.

"अगं, मशीन?"

"दिलं," बायको म्हणाली. तिचा चेहरा काहीतरी चांगलं काम केल्यासारखा उजळला होता. "मागच्या गल्लीत शिवणवर्ग आहे ना, त्यांना. नाहीतरी माझे गुडघे बोलायला लागलेत. लेकीनं विजेचं पाठवलंय, बघा कसं इवलंसं आहे. आवाजच नाही त्याला."

"पण... का?"

"ऐकलं मी रेडिओवर." तिचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षं माझी खटखट सोसलीत आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीत. कसं सहन केलंत हो? दुसरा असता तर मशीन उचलून फेकलं असतं. तुम्ही म्हणजे अगदी संतमाणूस."

संतमाणूस मटकन खुर्चीत बसला. मशीन परत आण म्हणावं तर रेडिओवरची थाप उघडी पडते, आणि ती एक थाप ओढली की मागून चाळीस वर्षांच्या थापा उसवत येतात. बायकोनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता खुशाल लिहा. मी पावलसुद्धा वाजवणार नाही."

आणि नाही वाजवलं. दुसऱ्या दिवशी चारला घरात अशी शांतता पसरली की वणव्याला स्वतःच्या दाढीची वाढ ऐकू येईल असं वाटलं. पडद्यापलीकडे विजेचं मशीन पडसं झालेल्या डासासारखं गुणगुणत होतं. बायको पायांत मोजे घालून वावरत होती. भांड्यांवर फडकं टाकलं होतं. कागद कोरा तो कोराच.

त्यानं उपाय करून पाहिले. घड्याळ जवळ घेतलं. ओळी आल्या त्या बालवाडीतल्या कवितेसारख्या. कपडे धुण्याच्या यंत्रापुढे स्टूल टाकून बसला. गाणं सुरू झालं खरं, पण ते गोल गोल फिरून शेवटी अंगातलं पाणी काढून थांबलं. नळ ठिबकता ठेवला तर बायकोनं मोजेवाल्या पावलांनी येऊन तो हलकेच बंद केला आणि ओठांवर बोट ठेवून परत गेली.

ढोल्या, म्हणजे बँडचा ड्रमवाला, आडवातिडवा आणि जिवाभावाचा, तो फोन करी.

"झालं का गाणं?"

"होतंय."

"होतंय होतंय करता करता सोमवार उजाडेल. सोमवारी तालमीला नाही आणलंस ना, तर कीबोर्डवाल्याचं गाणं घ्यायचं ठरलंय."

"त्याचं? ते समुद्रावरचं? सतरा कडवी आहेत त्यात!"

"म्हणून तर सांगतोय, तूच आण. खरं सांग, आटलास का तू?"

वणव्यानं फोन ठेवला. ढोल्यानं नको तिथंच बोट ठेवलं होतं. आटण्याची भीती प्रत्येकच लिहिणाऱ्याला असते, पण वणव्याच्या पोटात दुसरीच भीती बसली होती. आपल्यात मुळी कधी पाणीच नव्हतं आणि आपण चाळीस वर्षं शेजारच्या विहिरीवर घागरी भरल्या, असं तर नाही? हे शेवटचं गाणं आलं नाही तर तेच खरं ठरणार होतं.

म्हणून मग तो 'जरा फिरून येतो' सांगून मागच्या गल्लीतल्या शिवणवर्गात गेला.

लांबट खोलीत दोन्ही बाजूंनी अकरा मशीनं. शिकणाऱ्या बायका, त्यांत एक निवृत्त पोस्टमन. आपलं मशीन त्यानं लांबूनच ओळखलं. चाकाजवळ रंग उडालेला, तिथं लेक लहानपणी दातांनी कुरतडायची. वर्गाच्या मास्तरीणबाई गळ्यात टेप अडकवून पुढे आल्या.

"बोला काका."

"मी नुसता बसलो तर चालेल का? कोपऱ्यात?"

"इथं नुसतं कुणी बसत नाही. शिकायचं असेल तर बसा. आधी उशीचा अभ्रा. कापड आणलंय?"

वणवा हजारोंच्या गर्दीला दोन्ही हात वर करायला लावी. मास्तरीणबाईंपुढे त्याचा स्वतःचाच हात मुकाट्यानं वर गेला आणि त्यांनी त्यात जांभळं कापड ठेवलं.

पहिल्या दिवशी त्याच्या मशीनवर एक घाईच्या बाई होत्या. त्या चालवत, पण घोडं उधळल्यासारखं. कोपरा आला की थांबायचं नाव नाही, मोटारीसारख्या गोल वळून पुढे. वणव्याचा जीव तळमळला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोडीगुलाबीनं ते मशीन मागून घेतलं. निदान आवाज तरी तोच येईल! पाय लावला तर चाक उलटं फिरलं, दोऱ्याचा गुंता झाला, सुई मोडली.

"पाय आहे का मुसळ?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "हळू. मांजराच्या पिल्लाला थोपटताय असं समजा."

वणव्याला बोका आठवला आणि पाय आणखीच कापला.

तिसऱ्या दिवशी सरळ टीप जमली. खटखट खटखट. त्याचं काळीज उड्या मारू लागलं. कोपरा आला. सुई रुतवली, दांडी वर, टक्, कापड वळवलं, थांबला, दांडी खाली, टक्. सगळं जसंच्या तसं, आणि तरी थांब्यातून काही उगवलं नाही. त्यानं थांबा लांबवून पाहिला, आखडून पाहिला. मशीन तेच, दांडी तीच, थांबा रिकामाच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगणही शेवटी स्वतःचंच.

इकडे घरी बायकोच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. नवरा आयुष्यात कधी फिरायला गेला नव्हता आणि आता रोज चारला जात होता. येताना सदऱ्यावर जांभळे दोरे. बोटाला टोचल्याच्या खुणा.

"कुठवर गेला होतात?"

"असंच. झाडांतून."

"जांभळी झाडं आहेत वाटतं तिकडं."

तो घाईनं अंघोळीला गेला. शनिवारी तिला भाजीच्या दुकानात मास्तरीणबाई भेटल्या. मशीन दिल्याबद्दल त्यांनी पुन्हा आभार मानले आणि म्हणाल्या, "तुमच्या घरचेही शिकतायत हे मला कालच कळलं. मन लावून करतात हो. फक्त कोपऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, समाधी लागल्यासारखे बसतात."

त्या दुपारी चारला बायको मोजे काढून, चपला घालून, वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचा नेम पहिल्यांदाच मोडला. वणवा तिच्या जुन्या मशीनवर वाकून बसला होता. नाकाच्या टोकावर चष्मा, तोंडात टाचणी. तो कोपऱ्यावर थांबला होता.

"अहो."

टाचणी पडली. ओळ मात्र मेली नाही, कारण ओळ नव्हतीच.

"तुम्हाला म्हणे स्मशानशांतता लागते," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण अकराच्या अकरा मशीनं थांबली. "मग इथं काय करताय?"

वणव्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यानं सगळं सांगितलं. मालगाडी, वादळ, स्मशान, सगळं. मास्तरीणबाईंनी पोस्टमनला त्याच्या मशीनवरचा छोटा रेडिओ बारीक करायला लावला.

बायकोनं पडलेली टाचणी उचलून मशीनवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ते 'दारं उखडा'?"

"लेकीचा शाळेचा गणवेश."

"आणि 'रक्ताची हाक'?"

"बाहेरच्या खोलीचे पडदे."

"ते बिघडले होते माझे."

"म्हणून तर गाणं तसं पिसाळलेलं आहे."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बायको हसली नाही.

"आणि ते शांत गाणं? लोक रडतात ते?"

वणवा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझी आई गेली तेव्हा तू एकच रजई महिनाभर शिवत होतीस. शिवायचीस, उसवायचीस, पुन्हा शिवायचीस."

ती बाजूच्या स्टुलावर बसली. पदरानं डोळे टिपले आणि मग मात्र तिला राग आला.

"आणि मी काय करत होते ठाऊक आहे? तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून पाय मारत होते! कोपऱ्यावर थांबायचे ना, ते कशाला वाटलं? कापड वळवायला एवढा वेळ लागतो होय? कान देऊन ऐकायचे मी. आतून गुणगुण येतेय का. आली की जीवात जीव यायचा, मग दांडी खाली."

चाळीस वर्षं तो तिच्या थांब्याकडे कान लावून होता आणि त्या थांब्यात ती त्याच्याकडे. मैदानंच्या मैदानं टाळ्या वाजवीत होती त्या तेवढ्याशा जागेत दोघंजण एकमेकांचा कानोसा घेत होती. त्याला एकदम कळलं की विहीर शेजारची नव्हती, आणि एकट्याची तर नव्हतीच.

"चालवतेस का?" त्यानं विचारलं. "फक्त एक अभ्रा."

"डॉक्टरांनी पायमशीन बंद सांगितलंय."

"अर्धा."

"अर्ध्या अभ्र्यात उशी राहते का?" ती उठली. "सरका. एक शिवते, चार कोपरे. पण अट आहे. रेडिओवर जाऊन खरं सांगायचं."

"सांगतो."

"आणि हे काय शिवलंय? उशीला मुंडावळ्या बांधल्यासारखे दोरे लोंबतायत. बाजूला ठेवा ते."

ती बसली. खटखट सुरू झाली, पूर्वीपेक्षा संथ. दर चौथ्या ठोक्याला दुखरा गुडघा जरासा मागे राही. वणव्यानं मास्तरीणबाईंच्या वहीतलं मापांचं पान फाडलं आणि मागच्या बाजूला लिहायला लागला. पहिला कोपरा. टक्. ती थांबली, मान किंचित कलती केली. तो गुणगुणला. टक्. चौथ्या कोपऱ्याला गाणं पुरं झालं.

सोमवारी तालमीत ढोल्यानं काठ्या खाली ठेवल्या.

"ठेका लंगडतोय की रे."

"लंगडू दे. गुडघा दुखतो तिचा."

"कुणाचा?" मग सगळी हकीकत ऐकून ढोल्या इतका हसला की ड्रमच्या मागे दिसेनासा झाला. डोळे पुसत म्हणाला, "चाळीस वर्षं मी वहिनींच्या हाताखाली वाजवतोय होय! बरं, हे थांबे किती मात्रांचे? चारही वेगळे आहेत."

"मोजू नकोस. तिलाच विचार."

रेडिओवर वणवा गेला. ठरल्याप्रमाणे सांगितलं, "माझा ठेका माझ्या बायकोच्या शिवणाचा आहे."

बाई भारावल्या. "वा! काय रूपक आहे! ती तुमचं आयुष्य शिवते..."

"रूपक नाही हो. उशीचे अभ्रे शिवते."

"किती खोल!" बाई म्हणाल्या आणि जाहिराती लावल्या. घरी बायकोनं कपाळाला हात लावला, पण अट पाळली गेली होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी रंगमंचाच्या कडेला पडद्याआड तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. वणव्याच्या अंगात जाकिटाऐवजी वर्गातला जांभळा सदरा होता. ढोल्याचं ठरलं होतं: थांबा आला की वहिनींकडे बघायचं, त्यांनी मान हलवली की पुढे. तीन कोपरे सुरळीत पार पडले. चौथा आला. टक्. वाद्यं थांबली, हजारो माणसांनी पहिली टाळी वाजवली आणि हात तसेच धरून ठेवले. ढोल्यानं मान वळवली. वहिनी एकटक वणव्याकडे बघत होत्या. मान हलेना. एक श्वास गेला, दोन गेले. मैदानात कुणी खोकलंसुद्धा नाही. वणव्यानं गिटारवर हात ठेवून डोळे मिटले आणि अगदी बारीक, आतल्या खोलीतल्यासारखं गुणगुणला. तिनं दचकून मान हलवली. टक्. मैदान दणाणलं.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येताना वणव्यानं वर्तमानपत्र उघडलं. 'एवढी धाडसी शांतता आजवर कुणी गाण्यात ठेवली नव्हती,' असं छापलं होतं. त्या नादात तो रस्ता ओलांडायला विसरला आणि बोक्याच्या अगदी समोरून घरी आला.

"वाचलंस का?" तो म्हणाला. "तो शेवटचा थांबा! एवढा वेळ काय ऐकत होतीस?"

"ऐकतेय कुठली," बायको दूध तापत ठेवत म्हणाली. "कालच्या सदऱ्याची बाही तुम्ही स्वतः शिवलीत ना? उलटी लावलीय. तेच बघत बसले होते. काढा, चारला उसवून देते."